समाधानी माणसाला भ्रमिष्ट ठरवण्याआधी

संगीत ऐकण्याची उपकरणं विकणारे, त्यांवर लिहिणारे आणि त्यांवरून तावातावाने भांडणारे, अशा सगळ्यांत सध्या एक मत फार फैलावलं आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा भारी ॲम्प्लिफायर बाळगणारा आणि त्यावर खूश असणारा माणूस म्हणे स्वतःची फसवणूक करून घेतो. त्याचा कान त्या आवाजाला सरावलेला असतो, तरुणपणीच्या आठवणी त्या पेटीला चिकटलेल्या असतात आणि एकदा एवढे पैसे मोजल्यावर ते वाया गेले असं म्हणणं त्याच्या जिवावर येतं. तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं, तळहातावर मावेल एवढा नवा ॲम्प्लिफायर त्या पंचवीस किलोच्या धुडाला मोजमापात सहज मागे टाकतो, आणि हे गृहस्थ मात्र धूळ पुसत बसलेत.

या मतातली बरीच विधानं खरी आहेत. निष्कर्ष तेवढा साफ चुकीचा आहे, आणि त्याच्या आधारे लोकांना चांगल्या वस्तू भंगारात काढायला लावलं जातं, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी मोजमापाचं बघू, कारण नव्यांच्या वकिलांचा सगळा जोर तिथेच असतो. ब्रूनो पुट्झेस या बेल्जियन अभियंत्याने २००१ च्या सुमारास फिलिप्समध्ये असताना ‘क्लास डी’ (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करून चालणाऱ्या) प्रकारच्या ॲम्प्लिफायरची एक नवी रचना केली. पुढे त्याने आणि इतरांनी ती इतकी सुधारली की आजच्या उत्तम क्लास डी मॉड्यूलचं डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ ध्वनीत होणारी विकृती, ०.००१ टक्क्याच्याही खाली जातं. हे आकडे खरे आहेत. त्यात जाहिरातबाजी नाही आणि पुट्झेसचं काम कौतुकाचंच आहे. पण तुलना करायची तर समोरचा आकडाही सांगायला नको का? इंग्लंडमधल्या हंटिंग्डन गावच्या क्वाड कंपनीने १९७५ मध्ये ‘४०५’ हा ॲम्प्लिफायर बाजारात आणला. दर बाजूला १०० वॉट, आणि डिस्टॉर्शन ०.०१ टक्क्याच्या आसपास. आता त्याला जोडलेल्या स्पीकरकडे वळा. खर्जातल्या स्वरांवर जरा आवाज चढवला की भल्याभल्या स्पीकरचं डिस्टॉर्शन एक टक्क्याला जाऊन भिडतं. रेकॉर्डवर फिरणाऱ्या पिनचीही तीच कथा. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच ॲम्प्लिफायरचा दोष स्पीकरच्या दोषाच्या शंभराव्या हिश्शावर आला होता. तो आज हजाराव्या हिश्शावर आला, तर अभियंत्याला अभिमान वाटावा हे ठीकच. ऐकणाऱ्याच्या पदरात त्यातून काय पडतं?

काही पडतं की नाही, हे तपासून झालेलं आहे. ही तपासणी ज्या पद्धतीने झाली, तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही.

क्वाडचा संस्थापक पीटर वॉकर हा मोठा तिरकस बुद्धीचा माणूस. चांगल्या ॲम्प्लिफायरने आपलं म्हणून काही सांगूच नये, नुसती लहान आवाजाची मोठी नक्कल करावी, असं तो मानत असे. सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये कुजबुज वाढली होती, की ट्रान्झिस्टर आले आणि आवाजातला गोडवा गेला, जुने व्हॉल्व्हवालेच बरे. वॉकरने आपलेच तीन ॲम्प्लिफायर काढले: १९५३ चा व्हॉल्व्हवाला क्वाड टू, १९६७ चा ट्रान्झिस्टरवाला ३०३ आणि नवाकोरा ४०५. जेम्स मॉयर या ध्वनितज्ज्ञाच्या देखरेखीखाली, कोणता चालू आहे हे न सांगता, तिघांच्या आवाजाची पातळी नीट जुळवून, जाणत्या कानांना ऐकवलं. निकाल १९७८ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात छापून आला. श्रोत्यांची उत्तरं अंदाजपंचे दिली असती तर जशी आली असती, तशीच आली होती. तिघांत फरक ओळखता येत नव्हता.

या चाचणीचा खर्च क्वाडनेच केला होता आणि ट्रान्झिस्टरवरचा आरोप खोडून काढण्यात त्यांचा स्वार्थ होता, हे मान्य. पण त्याच चाचणीची दुसरी बाजू बघा. नवा माल विकायला बसलेला दुकानदार जगाला जाहीरपणे सांगतो आहे, की माझा पंचवीस वर्षं जुना माल आणि आजचा माल तुम्हाला कानांनी वेगळा ओळखता येणार नाही. आजच्या कुठल्या कंपनीची एवढी छाती आहे?

पुढे अमेरिकेत ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ने १९८७ च्या जानेवारी अंकात हाच प्रश्न घेतला. सुमारे २२० डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंत सहा नग रांगेत लावले, आणि डोळे बंद करून निवडायला सांगितल्यावर श्रोते पुन्हा चाचपडले. त्याच्या दोन वर्षं आधी बॉब कार्व्हर या अमेरिकी ॲम्प्लिफायर-निर्मात्याने तर याहून मजेदार उद्योग केला होता. ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांनी एक महागडा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर पुढे केला. कार्व्हरने आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये हॉटेलच्या खोलीत बसून फेरफार केले, दोघांच्या आवाजातला फरक यंत्रावर जवळजवळ शून्यावर आणला, आणि मग त्या संपादकांनाही कोणता कोणता ते सांगता येईना. फरक जिथे असतो तिथे तो मोजता येतो, सहसा स्पीकरशी जुळताना सुरांची पातळी थोडी वरखाली झाल्यामुळे असतो, आणि मनात आणलं तर त्याची नक्कलही करता येते, हे त्याने दाखवून दिलं.

नव्यांचे वकील इथे पेचात सापडतात. आकड्यांवर जायचं म्हटलं, तर जुने चांगले ॲम्प्लिफायर कधीच ऐकू येण्याच्या मर्यादेखाली गेलेले आहेत. कानावर जायचं म्हटलं, तर कान दोघांत भेद करत नाही. ‘मागे पडलेलं तंत्र’ हे शब्द मग नेमके कुठे लावायचे?

यावर चतुर प्रतिपक्षी लगेच म्हणेल: ठीक, सगळे सारखेच ऐकू येतात ना, मग तुमच्या त्या भारी जुन्या पेटीत तरी काय सोनं जडलंय? साधा स्वस्त नगही तेवढाच चांगला की!

प्रश्न रास्त आहे, आणि ‘जुनं ते सोनं’वाल्या मंडळींना तो सहसा सोडवता येत नाही, कारण ती मंडळी लगेच आवाजातल्या ऊबेबद्दल आणि हवेबद्दल बोलू लागतात. उत्तर त्याहून बरंच रूक्ष आहे. वरच्या सगळ्या चाचण्या प्रत्येक ॲम्प्लिफायर त्याच्या आवाक्यात चालत असतानाच्या आहेत. आवाक्याबाहेर गेला की फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. एक वॉटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारा मध्यम स्पीकर घ्या. घरात ऐकताना सरासरी एक वॉटसुद्धा लागत नाही. पण तबल्यावर एखादी जोरकस थाप पडते, तेव्हा तो क्षण सरासरीच्या वीस डेसिबल वर जाऊ शकतो. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. पाव वॉटवर रमतगमत चाललेल्या ॲम्प्लिफायरला क्षणात पंचवीस वॉट द्यावे लागतात, आणि आवाज जरा वाढवलेला असेल तर शंभर. शिवाय काही स्पीकर फार करंटे असतात. अपोजी कंपनीचा सिंटिला तर एक ओहमवर उतरत असे, आणि तिथे क्वाड ४०५ सारखा सज्जन हात टेकतो. डॅन डॅगोस्टिनो या अभियंत्याने १९८० च्या सुमारास बाजारात आणलेला क्रेल केएसए-५० कागदावर फक्त ५० वॉटचा होता. त्याची ख्याती झाली ती असल्या स्पीकरनाही तो बिनतक्रार वीजप्रवाह पुरवत असे म्हणून. भारी ॲम्प्लिफायरमधला तो भलामोठा ट्रान्सफॉर्मर आणि त्या हीटसिंकच्या पाती या राखीव शक्तीसाठी असतात. माणूस वीस वर्षांत तीनदा स्पीकर बदलतो आणि ॲम्प्लिफायरला त्याचं सोयरसुतक नसतं. दीर्घकाळच्या समाधानाचा मोठा भाग यातून येतो.

ही पोलादी उदारता आली कुठून, त्यातही थोडा कायद्याचा वाटा आहे. साठच्या दशकात अमेरिकेत वॉटच्या आकड्यांची नुसती लूट चालली होती. पाच वॉटच्या डब्यावर पन्नास छापलेले असत. शेवटी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला की शक्ती सलग चालवून मोजायची, डिस्टॉर्शनचा आकडा सोबत द्यायचा, आणि मोजण्याआधी ॲम्प्लिफायर एक तास एक-तृतीयांश शक्तीवर तापवायचा. त्या तासाभरात साध्या रचनेचा ॲम्प्लिफायर भट्टीसारखा तापतो. त्यात तगायचं तर हीटसिंक मोठे हवेत, ट्रान्सफॉर्मर जाड हवा. १९७८ चा पायोनिअर एसएक्स-१९८० हा रिसीव्हर २७० वॉटचा आणि साधारण ३५ किलोचा झाला, त्यात हौस होती, स्पर्धा होती, आणि हा नियमही होता. आज दुकानातल्या बहुवाहिनी रिसीव्हरच्या खोक्यावरचा वॉटचा आकडा जरा बारीक अक्षरांसकट वाचा. फक्त एकच वाहिनी चालू असताना, सहा ओहमवर, दहा टक्के डिस्टॉर्शनला, असले खुलासे सर्रास सापडतात. प्रगती झाली नाही असं मी म्हणत नाही. ती सगळ्याच बाबतीत पुढच्या दिशेने झाली, असं मानायचं मात्र कारण नाही.

आता सवयीचा आरोप. सवयीने कान सरावतो, तर नव्याच्या बाबतीतही सरावणारच. मग नव्याची नवलाई सहा महिन्यांत का ओसरते आणि जुना ॲम्प्लिफायर वीस वर्षं का पुरतो? समाधान नुसत्या सवयीचं असतं तर प्रत्येक जुनी वस्तू समाधान देत राहिली असती. आपल्या घरातल्या कित्येक जुन्या वस्तू आपण रोज शिव्या देत वापरतो. आणि दीर्घ सहवासाने कान बोथट होतो, हेही मला पटत नाही. उलट, एकाच यंत्रावर वर्षानुवर्षं ऐकणाऱ्यालाच त्यातला बिघाड आधी कळतो. पॉवर सप्लायचे कंडेन्सर थकले की आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झची घरघर सुरू होते. ख्यालाची रेकॉर्ड लावली असेल तर मागे कुणी बेसूर तानपुरा घेऊन बसल्यासारखं वाटतं, आणि त्या यंत्राच्या मालकाला ते पहिल्या आलापात कळतं. पाहुण्याला कळत नाही.

पैसे अडकल्यामुळे खोटं समाधान, हा आरोप तर उलटाच लागतो. चाळीस वर्षांपूर्वी दिलेले पैसे माणूस विसरून गेलेला असतो. गेल्या महिन्यात कार्ड घासलेला माणूस अधिक पेचात असतो, नाही का?

आता कबुलीचा भाग. जुने ॲम्प्लिफायर आपोआप चिरंजीव होत नाहीत, आणि असं भासवणारे विक्रेते नव्यांच्या वकिलांइतकेच दोषी आहेत. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरवर आयुष्य लिहिलेलं असतं. समजा ८५ अंशांवर २००० तास. तापमान दहा-दहा अंशांनी उतरेल तसं हे आयुष्य दर वेळी साधारण दुप्पट होतं. आतलं तापमान ४५ अंश राहिलं तर ३२,००० तास, म्हणजे रोज तीन तास ऐकणाऱ्याला २९ वर्षं. मुंबईच्या मे महिन्यात, बंद शोकेसमध्ये, वर टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स ठेवलेला असेल आणि आत ५५ अंश होत असतील, तर निम्मी. १९८० च्या यंत्राचे कंडेन्सर आज एकदा तरी बदललेले असायला हवेत, हे या साध्या गुणाकारातून निघतं. दमट हवेत रिलेचे आणि व्हॉल्यूमच्या पॉटचे संपर्क काळे पडतात, एक बाजू बंद होते, खरखर येते. ही कामं किरकोळ आहेत आणि कुठल्याही कसलेल्या माणसाला जमतात, कारण सुटे भाग डोळ्यांना दिसतात, सर्किटचा नकाशा मिळतो आणि सोल्डरिंग गन पोहोचते. नव्या मॉड्यूलमध्ये तांदळाच्या दाण्याहून लहान भाग असतात, आणि ते गेलं की अख्खं मॉड्यूल बदलायचं. ते मिळत असेल तोवर.

मात्र काही जुनी यंत्रं खरोखरच धोक्याची. यामाहाचा १९७४ चा बी-१ आणि सोनीचे त्या काळातले काही ॲम्प्लिफायर ‘व्ही-फेट’ नावाच्या खास ट्रान्झिस्टरवर चालत. ते ट्रान्झिस्टर बनणं कधीच थांबलं. एक जळला की शोभेची वस्तू. कितीही मोहात पाडलं तरी घेऊ नयेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नावाजलेल्या जपानी पॉवर ट्रान्झिस्टरच्या नावाखाली नकली माल मिळतो हे तिथला कोणताही जुना मेकॅनिक सांगेल. आणि क्लास ए, म्हणजे आवाज नसतानाही पूर्ण प्रवाह वाहू देणाऱ्या, प्रकारातल्या ॲम्प्लिफायरना फार वीज लागते, यात वाद नाही. अमेरिकी रचनाकार नेल्सन पासचा अलेफ ३ दर बाजूला ३० वॉट देण्यासाठी चालू असेपर्यंत सतत अडीचशेच्या आसपास वॉट खातो, मग तुम्ही ऐका किंवा झोपा. रोज तीन तास म्हणजे महिन्याला बावीस-तेवीस युनिट. एसी दोन रात्रींत त्याहून फार कमी खात नाही, तेव्हा विजेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी आधी आपलं बिल तपासावं. ॲम्प्लिफायरमुळे खोली तापते ही तक्रार मात्र खरी, आणि उन्हाळ्यात तिला माझ्याकडे उत्तर नाही.

‘जुनं ते सोनं’वाल्यांनाही एक गोष्ट सुनवायला हवी. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत सुमार ॲम्प्लिफायर ढिगाने निघाले. ते केव्हाच भंगारात गेले. आज आपल्या डोळ्यांसमोर उरलेत ते गाळून उरलेले, म्हणून त्या काळी सगळंच उत्तम होतं असा भास होतो. १९७८ चं असणं ही गुणवत्ता नव्हे. टिकाऊ रचना, नकाशा उपलब्ध असणं आणि पाठीशी उभी राहणारी कंपनी, ही गुणवत्ता.

पाठीशी उभं राहणं म्हणजे काय, तेही सांगतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनच्या मॅकिंटॉश कंपनीने १९६२ पासून जवळपास तीस वर्षं गावोगावच्या दुकानांत ॲम्प्लिफायरची मोफत तपासणी शिबिरं भरवली. डेव्ह ओब्रायन नावाचा माणूस मोजणीची यंत्रं घेऊन फिरायचा. कोणत्याही कंपनीचा ॲम्प्लिफायर घेऊन या, तो किती वॉट देतो आणि किती डिस्टॉर्शन करतो याचा आलेख हातात मिळायचा. ज्याला आपल्या जुन्या मालाची लाज वाटते, तो असा उद्योग करत नाही. कॅनडाची ब्रायस्टन कंपनी ॲम्प्लिफायरवर वीस वर्षांची हमी देते. वीस वर्षं! दर तीन वर्षांनी नवं मॉडेल घ्यायला लावणाऱ्यांना हा आकडा कसा परवडेल?

यातला सगळ्यात गमतीचा भाग असा, की जुन्याला मोडीत काढणारा उद्योगच जुन्याची नावं विकून जगतो. मॅकिंटॉशने १९६१ चा एमसी-२७५ बंद केला आणि १९९३ मध्ये पुन्हा काढला. तो आजही विकला जातो. नॅडने १९७८ च्या आपल्या गाजलेल्या ३०२० चं नाव २०१३ मध्ये एका क्लास डी ॲम्प्लिफायरला दिलं. क्वाडने अलीकडे पुन्हा ३०३ हे नाव बाजारात आणलं आहे. जुन्याची आठवण गिऱ्हाइकाने घरी फुकट काढली तर तो भ्रम, आणि कंपनीने ती लाखभर रुपयांना विकली तर तो वारसा. या हिशेबाला काय म्हणावं?

नवा क्लास डी ॲम्प्लिफायर घेऊ नका, असं मी कुणालाही सांगणार नाही. ज्याच्याकडे काहीच नाही, जागा कमी आहे, वजन उचलवत नाही, त्याने तो खुशाल घ्यावा. आवाजात तो कुठेही कमी पडणार नाही. माझा आक्षेप एवढाच, की ज्याच्याकडे चालता, दुरुस्त होणारा, दमदार जुना ॲम्प्लिफायर आहे, त्याला त्याच्याच समाधानाबद्दल शरमिंदं करून खरेदीला पिटाळू नये. त्याला खरोखर फरक हवा असेल तर तो स्पीकरमध्ये आहे, खोलीतल्या गालिच्यात आणि पडद्यांत आहे. नव्या ॲम्प्लिफायरला जाणारे पैसे तिकडे गेले तर ते पहिल्या मिनिटाला ऐकू येतील.

आपल्याकडे यातले बरेच ॲम्प्लिफायर १९९१ पूर्वीच्या जबर आयात शुल्काच्या काळात आखातातून, अमेरिकेतून, बोटीवर असलेल्या मामा-काकांच्या सामानातून आले, आणि वडिलांच्या पश्चात माळ्यावर गेले. घर रिकामं करताना असा नग हाती लागला तर वजनावर विकू नका, आणि उत्साहाने सॉकेटमध्येही खुपसू नका. आधी मागची पाटी वाचा. जपानी बाजारासाठी बनलेला असेल तर तो १०० व्होल्टचा, अमेरिकी असेल तर १२० चा. आपल्या २३० वर सरळ लावला तर तिथल्या तिथे संपेल, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच. पाटीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर आणखी जपून, कारण स्टेप-डाउन व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. मग जाणत्या मेकॅनिककडे नेऊन पहिल्यांदा सिरीज बल्ब लावून चालू करायला सांगा, आणि स्पीकर जोडण्याआधी त्याच्या टर्मिनलवर डीसी किती येतो ते मोजून घ्या. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर जोडायला हरकत नाही.